यूकेत घर घेताना आपला सॉलिसिटर बँकेच्या पॅनेलवर नसेल तर नक्की काय अडतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की रेडिंगला पहिला फ्लॅट घेताय, तीन आठवड्यांपूर्वी ओळखीतला सॉलिसिटर (घरखरेदीचे कागद बघणारा वकील) धरला, त्याला सर्चचे, म्हणजे घराबद्दल कौन्सिल वगैरेंकडून माहिती काढायचे, पैसेही देऊन झाले आणि आता कर्ज जुळवून देणारा ब्रोकर म्हणतो हा लेंडरच्या, म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकेच्या, पॅनेलवर नाही, दुसरा बघा नाहीतर जास्तीचे पैसे भरा. तर ही लूट आहे का आणि काय करावं. लूट नाहीये, पण आधी कोणी सांगत नाही एवढं खरं. मी यातून गेलोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या डोक्यात भारतातलं चित्र असतं तिथेच घोळ होतो. तिकडे होम लोन घेताना बँकेचा पॅनेल वकील टायटल सर्च रिपोर्ट देतो, फी आपल्याच खिशातून जाते पण तो वकील बँकेचा, आपला त्याच्याशी संबंध नाही हे सगळ्यांना माहीत असतं. इंग्लंड-वेल्समध्ये उलटं आहे, इथे साध्या घरखरेदीत बहुतेक वेळा एकच सॉलिसिटर (किंवा लायसन्स्ड कन्व्हेयन्सर, म्हणजे फक्त घराच्या व्यवहारांचं, कन्व्हेयन्सिंगचं, काम करणारा परवानाधारक) तुमचंही काम बघतो आणि तुमच्या लेंडरचंही, म्हणजे एका फाईलला दोन अशील. लेंडर म्हणतो माझे लाखो पाउंड या माणसाच्या क्लायंट अकाउंटमधून (अशिलांचे पैसे ठेवायच्या खात्यातून) जाणार, तर तो माणूस मी पारखलेला हवा, आणि ती पारखलेल्यांची यादी म्हणजे पॅनेल. प्रत्येक लेंडरची यादी वेगळी. एका बँकेला चालणारा दुसरीला चालेलच असं नाही, आणि आमचं गाडं नेमकं इथेच अडलं.

आम्ही डिसेंबर 2024 मध्ये स्लाउला 4,10,000 पाउंडाचं टेरेस घर ठरवलं. सॉलिसिटर म्हणजे हॅरोमधले एक गुजराती काका, हाय स्ट्रीटवर दुकानाच्या वर एक खोली, एक टायपिस्ट बाई, फाईली जिन्यापर्यंत आलेल्या, पण फोन स्वतः उचलणार आणि प्रश्न विचारला की उत्तर त्याच दिवशी. पहिल्या लेंडरच्या पॅनेलवर ते होते. जानेवारीत त्या लेंडरचं व्हॅल्युएशन कमी आलं म्हणून ब्रोकरने दुसरा लेंडर पकडला, व्याजही जरा कमी होतं, आम्ही खूश, आणि सॉलिसिटरचं पुन्हा विचारायचं ना ब्रोकरला सुचलं ना आम्हाला. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात कर्जाची ऑफर आली तेव्हा काकांचा फोन, "बेटा, यांच्या पॅनेलवर मी नाही, यांना कमीत कमी दोन पार्टनर लागतात आणि मी एकटाच आहे."

आता तारीख बघा. 31 मार्च 2025 पर्यंत पहिलं घर घेणाऱ्यांना 4,25,000 पर्यंत स्टॅम्प ड्युटी शून्य होती, 1 एप्रिलपासून ती मर्यादा 3,00,000 वर येणार होती. म्हणजे वरच्या 1,10,000 वर 5 टक्के, 5,500 पाउंड, दोन दिवस उशीर झाला तरी गेले. (ही सवलत जगात कुठेही तुमच्या नावावर कधीच घर नसेल तरच, पुण्यातला वनबीएचके नावावर असेल तर ती विसरा, उलट जादा घराचा सरचार्ज लागतो का तेही विचारून घ्या.)

अशा वेळी तीन रस्ते असतात. एक, लेंडर स्वतःसाठी वेगळा सॉलिसिटर नेमतो, तुमचा तुमच्यासाठी राहतो, आणि दोघांची फी तुमच्याकडून. ब्रोकर जास्तीचे पैसे म्हणतो ते हेच. पैशापेक्षा वेळ जातो, कारण प्रत्येक कागद दोनदा तपासला जातो आणि लेंडरच्या वकिलाला तुमची घाई नसते, आणि काही लेंडर तर याला तयारच नसतात. दोन, सॉलिसिटर बदला. तीन, लेंडर बदला, म्हणजे अर्ज, व्हॅल्युएशन, सगळं पहिल्यापासून. आम्ही दुसरा रस्ता धरला. काकांनी झालेल्या कामापुरतेच पैसे घेतले आणि फाईल दोन दिवसांत पाठवली, त्याबद्दल त्यांना मानतो.

नवी फर्म म्हणजे कॉल सेंटर प्रकार. पोर्टल, चॅट, केस हँडलर सात आठवड्यांत तीन बदलले. आयडी पुन्हा, सोर्स ऑफ फंड्स (पैसा कुठून आला याचे पुरावे) पुन्हा. माझ्या वडिलांनी सांगलीहून डिपॉझिटला मदत केली होती, रीतसर एलआरएसखाली (भारतातून परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना, वर्षाला माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा असते, आम्ही त्याच्या कुठेच जवळ नव्हतो), गिफ्ट लेटरही होतं. काकांना सहकारी बँकेचं स्टेटमेंट बघून काही वाटलं नव्हतं. नव्या फर्मच्या मुलीचा मेल आला, तुमच्या वडिलांना अमेरिकेतून उत्पन्न आहे ते आधी का सांगितलं नाही, त्याचे टॅक्सचे कागद द्या. मी चक्रावलो, वडील आयुष्यात मुंबईच्या पुढे गेलेले नाहीत. स्टेटमेंट उघडलं तर दर काही महिन्यांनी एक मोठी जमा आणि समोर लिहिलेलं 'यूएस बिल'. अहो ते ऊस बिल! कारखान्याचं. इंग्रजी अक्षरांत ऊस लिहिला की अमेरिकाच होते. कारखान्याच्या पावत्या मागवून, त्याचं भाषांतर करून, ऊस म्हणजे काय हे समजावण्यात चार दिवस गेले. शेवटी 28 मार्चला, शुक्रवारी दुपारी चाव्या मिळाल्या.

तर लेंडर एवढे कडक का, याचंही कारण आहे. एक केस आहे, एआयबी विरुद्ध मार्क रेडलर, 2014 मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. सॉलिसिटरने 33 लाख पाउंडाचं कर्ज पुढे सोडलं पण आधीच्या बँकेची दोन खाती फेडायची होती त्यातलं एकच फेडलं, तीन लाखांवर बाकी राहिली, त्यामुळे नव्या लेंडरला पहिला हक्क मिळालाच नाही. एका फोनची चूक. 2008 च्या मंदीनंतर अशा चुका आणि सरळ फसवणुकीची प्रकरणं बाहेर पडली तेव्हा लेंडरनी याद्या छाटायला घेतल्या. जानेवारी 2012 मध्ये एचएसबीसीने तर घरखरेदीसाठी फक्त 43 फर्म ठेवल्या, सगळ्या देशासाठी! सॉलिसिटर लोकांनी बराच आरडाओरडा केला आणि नंतर लॉ सोसायटी या त्यांच्या संघटनेच्या सीक्यूएस या दर्जा योजनेतल्या फर्मसाठी दार उघडावं लागलं. आज बरेच लेंडर हे सीक्यूएस मागतातच.

छोट्या कन्व्हेयन्सरचं मात्र यात खरंच मरण आहे. काकांनी फाईल देताना सांगितलं ते असं, की प्रत्येक लेंडरचे फॉर्म वेगळे, माहिती भरायच्या पोर्टलची वार्षिक फी वेगळी, इन्शुरन्सचा प्रीमियम कन्व्हेयन्सिंग करता म्हटलं की चढतो, आणि एवढं करून वर्षभरात त्या लेंडरच्या फाईली कमी झाल्या की तुम्ही निष्क्रिय म्हणून यादीतून बाहेर. यादीतून बाहेर गेलं की त्या लेंडरचे गिऱ्हाईक येत नाहीत, गिऱ्हाईक नाहीत म्हणून पुन्हा यादीत घेत नाहीत. माझं मत विचाराल तर पॅनेल असावं, पण पार्टनर किती यावरून माणूस पारखणं हा आळस आहे. मोठ्या फर्ममध्येही काय होतं ते नोव्हेंबर 2021 मध्ये दिसलं, सिम्प्लिफाय ग्रुपच्या कॉम्प्युटर सिस्टिमवर हल्ला झाला आणि सामान भरून बसलेल्या लोकांची घरं अडकली. काम थोड्या मोठ्या फर्मकडे गोळा झालं की एक बंद पडली तरी खूप जण रस्त्यावर.

अजून एक, हे पॅनेलवर असलेल्या सॉलिसिटरलाही लागू आहे. तो लेंडरचाही वकील असतो, त्यामुळे लेंडर हँडबुकप्रमाणे (लेंडरनी वकिलांना दिलेल्या सूचना, बँकांची संघटना यूके फायनान्सच्या साइटवर फुकट वाचायला मिळतं, पहिला भाग सगळ्यांना सारखा, दुसरा भाग लेंडरगणिक वेगळा) काही गोष्टी त्याला लेंडरला कळवाव्याच लागतात. बॉयलर जुना निघाला म्हणून तुम्ही मालकाकडून 4,000 कमी करून घेतले? कळवणार. डिपॉझिटमध्ये गिफ्ट आहे? कळवणार. मालकाने ते घर सहा महिन्यांच्या आत घेतलेलं आहे? तेही. तुम्ही नको म्हणालात तर तो तिकडे गुपचूप बसू शकत नाही, त्याला लेंडरचं काम सोडावं लागतं आणि लेंडर विचारणारच की का सोडलं. त्यामुळे आपला वकील म्हणून त्याला 'हे बँकेला सांगू नका हं' असं काही बोलायच्या भानगडीत पडू नका.

आता तुमचं. एक्सचेंज, म्हणजे दोन्ही बाजूंना बांधणारा करार, झालेलं नाही म्हणताय, म्हणजे हात मोकळे आहेत. आधीच्या सॉलिसिटरला मेल करा की आत्तापर्यंतचं बिल किती आणि सर्च दुसऱ्या फर्मला देता येतील का. बऱ्याचदा चालतात, फक्त कम्प्लीशनच्या (पैसे देऊन घर ताब्यात घ्यायच्या) दिवशी सहा महिन्यांपेक्षा जुने नसावेत. नवी फर्म धरताना तीन गोष्टी फोनवर नाही, लेखी विचारा. तुमची अमुक शाखा माझ्या अमुक लेंडरच्या पॅनेलवर आज आहे का (लेंडरचं पूर्ण नाव लिहा, एकाच ग्रुपमध्ये चार ब्रँड असतात). फ्लॅट असल्याने बिल्डिंग सेफ्टी ॲक्टखाली येणाऱ्या बिल्डिंगचं काम करता का, कारण किमान 11 मीटर उंच किंवा किमान पाच मजली बिल्डिंगला बऱ्याच फर्म हातच लावत नाहीत. आणि भारतातून आलेला पैसा चालतो का. इस्टेट एजंट जी फर्म सुचवेल तिच्याकडून त्याला रेफरल फी मिळते का तेही विचारा, मिळत असली म्हणून फर्म वाईटच असं नाही, पण माहीत असावं. आणि ब्रोकरने उद्या लेंडर बदलला तर पहिला प्रश्न पुन्हा विचारा, आम्ही तोच विसरलो.

आणि हो, पैसे घरून येणार असतील आणि घर सांगली-कोल्हापूरकडे असेल तर स्टेटमेंट पाठवायच्या आधी 'यूएस बिल' दिसेल तिथे तिथे पेनाने बाजूला 'शुगरकेन' लिहून ठेवा.