लंडनमध्ये नोव्हेंबरात लोक कोटाला लाल कागदी फूल का लावतात? आपण भारतीयांनी लावलं तर चालतं का?

हो, नक्की लावा; ते पॉपीचं म्हणजे खसखशीच्या जातकुळीतलं फूल आहे आणि युद्धात मेलेल्या सैनिकांच्या आठवणीसाठी लावतात. पहिल्या महायुद्धात बेल्जियमकडच्या फ्लँडर्स भागातल्या उखणलेल्या रणभूमीवर हीच रानटी लाल फुलं उगवत होती. ११ नोव्हेंबर १९१८ ला सकाळी ११ वाजता ते युद्ध थांबलं, आणि १९२१ पासून ब्रिटनमध्ये माजी सैनिकांच्या मदतनिधीसाठी ही फुलं देतात. ठरलेली किंमत नसते, डब्यात जमेल तेवढे पैसे टाकायचे. डावीकडे लावा की उजवीकडे, नियम नाही. बहुतेक जण हृदयाच्या बाजूला लावतात.

भारतीयांना परकं वाटायचं तर काहीच कारण नाही. त्या युद्धात अविभाजित भारताचे सुमारे ७४,००० सैनिक कामी आले, आपल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. म्हणूनच २०१८ मध्ये खादीची पॉपीसुद्धा काढली होती. मला तीच सर्वात जवळची वाटते.

रंग मात्र बघून घ्या:
- पांढरी: युद्धविरोध आणि शांतता, १९३३ पासून
- जांभळी: युद्धात मेलेले प्राणी

उत्तर आयर्लंडला जाणार असाल तर जरा जपून. तिथले बरेच आयरिश राष्ट्रवादी लाल पॉपीला ब्रिटिश लष्कराची खूण मानतात.