वाचकांचे प्रश्न : चाचणी वैमानिक ते अंतराळवीर

प्रश्न : अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटलची मानवरहित चाचणी न घेताच 1981 मध्ये त्यातून दोन माणसे पाठवली गेली, असे वाचले. त्या यानाचे प्रमुख जॉन यंग हे मूळचे नौदलातील चाचणी वैमानिक. अशा कामासाठी चाचणी वैमानिकच का निवडले जात? (एक वाचक, सातारा)

उत्तर : पहिल्या अंतराळवीरांसाठी 1959 मध्ये ज्या अटी ठरल्या, त्यांत लष्करी चाचणी वैमानिकांच्या प्रशालेचे शिक्षण, अभियांत्रिकीची किंवा तत्सम पदवी आणि 1500 तासांचा उड्डाणानुभव यांचा समावेश होता. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनीच ही निवड लष्करी चाचणी वैमानिकांपुरती मर्यादित ठेवण्याचा निर्णय घेतला. या मंडळींकडे धाडस असे, हे खरेच; परंतु माझ्या मते त्यांचा खरा गुण वेगळा होता, आणि तो म्हणजे विमानात काय बिघडते आहे हे बिघडत असतानाच ओळखून, जमिनीवरच्या अभियंत्याला उपयोगी पडेल अशा नेमक्या शब्दांत सांगणे. चाचणी वैमानिक ठरलेली उंची आणि ठरलेला वेग धरून ठेवतो, नियंत्रणाचा दांडा किती रेटल्यावर विमान किती वेळाने कलते हे पाहतो आणि उतरल्यावर अहवाल लिहितो. 1969 पासून या कामात कूपर-हार्पर श्रेणी रूढ झाली. तिच्यात 1 म्हणजे उत्तम वागणारे विमान आणि 10 म्हणजे हातातून निसटणारे विमान. हाताला जाणवलेली गोष्ट अशी आकड्यात मांडता आली पाहिजे.

यंग यांची जडणघडण याच शिस्तीत झाली. जॉर्जिया टेकमधून 1952 मध्ये वैमानिकी अभियांत्रिकीची पदवी, नौदलात प्रवेश, 1959 मध्ये मेरीलँडमधील पॅटक्सेंट रिव्हर येथे चाचणी वैमानिकाचे प्रशिक्षण आणि त्यानंतर तेथेच फँटम व क्रुसेडर या विमानांवरील शस्त्रप्रणालींच्या चाचण्या, असा तो प्रवास आहे. 1962 च्या प्रारंभी त्यांनी फँटम विमान धावपट्टीवरून 3,000 मीटर उंचीवर अवघ्या साडेचौतीस सेकंदांत नेऊन जागतिक विक्रम केला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नासाने निवडलेल्या नऊ जणांत त्यांचे नाव आले. अपोलोच्या आधीच्या जेमिनी या दोन माणसांच्या यानाची दोन उड्डाणे, अपोलो-10 मधून चंद्राची प्रदक्षिणा आणि एप्रिल 1972 मध्ये अपोलो-16 चे नेतृत्व करीत चंद्रावर तीन दिवसांचा मुक्काम, हे सारे शटलपूर्वीचे. अपोलो-16 च्या मुख्य यानाच्या इंजिनाच्या पर्यायी नियंत्रणात कंपने जाणवू लागली, तेव्हा यंग आणि त्यांचे सहकारी चार्ल्स ड्यूक हे चंद्रावर उतरणाऱ्या छोट्या यानात बसून, उतरायचे की नाही या निर्णयाची सुमारे सहा तास वाट पाहत होते.

12 एप्रिल 1981 रोजी कोलंबिया हे पहिले स्पेस शटल झेपावले, तेव्हा यंग पन्नास वर्षांचे होते आणि शेजारी रॉबर्ट क्रिपेन हे नौदलाचेच वैमानिक होते. दोघांच्या आसनांना लढाऊ विमानासारखी बाहेर फेकण्याची सोय होती, ती या चाचणी उड्डाणांपुरतीच. बूस्टर (यानाला वर ढकलणारी जोडरॉकेटे) पेटताच उठलेल्या दाबलहरीचा तडाखा यानाच्या शेपटीकडील फळीला अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक बसला. ते आपल्याला त्या वेळी कळले असते, तर आपण सुरक्षित उंचीवर जाऊन बाहेर उडी घेतली असती, असे यंग पुढे म्हणाले. त्या उड्डाणात उष्णतारोधक टाइल्सपैकी 16 निखळल्या आणि 148 ना इजा झाली. परतताना शटलला इंजिनाचा जोर नसे, त्यामुळे उतरण्याची संधी एकच असे. 14 एप्रिलला कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स तळावरच्या कोरड्या सरोवराच्या पात्रात यान टेकल्यावर यंग जिना उतरून थेट यानाखाली गेले आणि टाइल्स न्याहाळत हिंडू लागले. मला त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत हे दृश्य सर्वांत बोलके वाटते. दाबलहर शमवण्यासाठी पुढच्या उड्डाणापूर्वी प्रक्षेपणस्थळी पाण्याची व्यवस्था बदलण्यात आली.

प्रश्न : एवढा अनुभव असूनही यंग यांना पुढे प्रमुखपदावरून का हलवले? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : यंग 1974 पासून अंतराळवीर कार्यालयाचे प्रमुख होते. नोव्हेंबर 1983 मध्ये सुरू झालेल्या, शटलमधील प्रयोगशाळेच्या म्हणजे स्पेसलॅबच्या मोहिमेत, परतीच्या काही तास आधी दोन संगणक बंद पडले आणि त्यांना उतरणे लांबणीवर टाकावे लागले. जानेवारी 1986 मध्ये चॅलेंजर या शटलचा स्फोट होऊन सात जण गेले, त्यानंतर यंग यांनी सुरक्षिततेतील त्रुटींची यादी करून अंतर्गत टिपण लिहिले आणि ते वृत्तपत्रांपर्यंत पोहोचले. 1987 मध्ये त्यांची नेमणूक अभियांत्रिकी व सुरक्षितता या विषयांवरील विशेष साहाय्यक म्हणून झाली. पुष्कळांनी ती शिक्षाच मानली. मला तो नासाचा करंटेपणा वाटतो, कारण ज्या सवयीसाठी त्यांना निवडले होते, तीच त्यांच्या आड आली. ते पुन्हा अंतराळात गेले नाहीत. मात्र त्यांनी नोकरी सोडली नाही आणि टिपणे लिहिणेही थांबवले नाही. 31 डिसेंबर 2004 रोजी निवृत्त होईपर्यंत नासात त्यांची 42 वर्षे झाली होती. 2018 च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले.

प्रश्न : भारतातही हीच पद्धत आहे काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : होय. 1984 मध्ये सोव्हिएत संघाच्या सोयुझ यानातून गेलेले राकेश शर्मा हे हवाई दलातले वैमानिक आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे विद्यार्थी. आपल्यासाठी विशेष म्हणजे 1987 ते 1992 या काळात ते हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या नाशिक विभागात मुख्य चाचणी वैमानिक होते, म्हणजे अंतराळातून परतल्यावरही त्यांनी ओझरच्या धावपट्टीवरून हेच काम केले. गगनयानासाठी फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर झालेले चारही जण हवाई दलाचे चाचणी वैमानिकच आहेत. त्यांपैकी शुभांशू शुक्ला यांनी, तेही खडकवासल्याचेच, जून 2025 मध्ये ॲक्सिऑम-4 मोहिमेत यानाच्या वैमानिकाची जबाबदारी सांभाळली.