वाचकांचे प्रश्न : किती घेतली, यापेक्षा रक्तात किती उरली

प्रश्न : मी अधूनमधून मित्रांबरोबर बसतो आणि नंतर स्वतःच गाडी चालवत घरी येतो. किती पेग घेतले तर ते कायद्यात बसते, हे प्रत्येक जण वेगवेगळे सांगतो. आपण एकच निश्चित आकडा द्यावा, ही विनंती.

उत्तर : असा आकडा देता येत नाही, कारण कायदा पेग मोजत नाही; तो रक्त मोजतो. शंभर मिलिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम मद्यार्क आहे, एवढेच त्याला पाहायचे असते, आणि ही मर्यादा देशागणिक बदलते. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे ती ३० मिलिग्रॅम आहे. इंग्लंडमध्ये ती १९६७ पासून ८० आहे, तर स्कॉटलंडने २०१४ मध्ये ती ८० वरून ५० वर आणली. स्वीडन आणि नॉर्वेमध्ये ती साधारण २० आहे, आणि हंगेरीत तर रक्तात मद्यार्क असताना गाडी चालवायचीच नाही, असा नियम आहे. जागतिक आरोग्य संघटना सर्वसाधारण चालकांसाठी ५० आणि तरुण व नवशिक्या चालकांसाठी २० च्या वर मर्यादा नसावी, अशी शिफारस करते.

तरीही अंदाज हवा असेल, तर स्वीडनचे शास्त्रज्ञ एरिक विडमार्क यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडलेला हिशेब आजही वापरला जातो. पोटात गेलेला मद्यार्क शरीरातल्या पाण्यात पसरतो; म्हणून पुरुषाच्या वजनाचा साधारण ६८ टक्के आणि स्त्रीच्या वजनाचा साधारण ५५ टक्के भाग हिशेबात धरतात. व्हिस्की किंवा रमच्या ६० मिलिलिटरच्या एका मोठ्या पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम मद्यार्क असतो. तो सगळा रक्तात उतरला, तर ७० किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तातील प्रमाण ४० मिलिग्रॅमच्या थोडे वर जाते आणि ५५ किलो वजनाच्या स्त्रीच्या रक्तातील प्रमाण ६५ च्या आसपास पोहोचते. म्हणजे जिथे मर्यादा ३० ची आहे, तिथे ‘एकच तर घेतला’ हे म्हणणे पहिल्याच मोठ्या पेगला खोटे ठरू शकते. पोट भरलेले असेल तर मद्यार्क हळूहळू उतरतो आणि शिखर थोडे खाली राहते, हे खरे आहे. पण कोणाचे किती खाली राहील, हे टेबलावर बसून कोणालाच सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. शेवटचा घोट घेतल्यानंतर रक्तातील प्रमाण लगेच उतरू लागत नाही. अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत ते चढतच राहू शकते. काही जण खिशात मावणारे यंत्र बाळगतात, उठताना त्यात फुंकतात आणि आकडा कमी दिसला की निर्धास्तपणे किल्ली फिरवतात. त्यांचा सर्वोच्च आकडा गाठला जातो तो रस्त्यावर. तुमच्या प्रश्नाला माझे प्रामाणिक उत्तर एवढेच आहे की ज्या दिवशी गाडी चालवायची आहे, त्या दिवशी घ्यायची नाही, आणि ज्या दिवशी घ्यायची आहे, त्या दिवशी गाडी कोण चालवणार हे पहिला ग्लास भरण्यापूर्वी ठरवायचे.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाने रात्री नऊ ते बारा या वेळेत चार मोठे पेग घेतले, जेवला, झोपला आणि सकाळी सहाला गाडी काढली. वाटेत तपासणी झाली आणि तो मर्यादेच्या वर निघाला. अंघोळ, कडक कॉफी, सगळे झाले होते. यंत्रात बिघाड असेल का?

उत्तर : बिघाड अशक्य नसतो, पण आपण दिलेल्या तपशिलावरून यंत्राला दोष देण्याची गरज पडत नाही. चार मोठ्या पेगमध्ये सुमारे ८० ग्रॅम मद्यार्क होतो. आपल्या भावाचे वजन ७० किलोच्या आसपास धरले, तर एकूण हिशेब १७० मिलिग्रॅमचा होतो. यकृत हा मद्यार्क जवळजवळ ठरलेल्या गतीने जाळते. रक्तातील प्रमाण ताशी साधारण १५ मिलिग्रॅमने उतरते, काहींचे १० ने, काहींचे २० ने. रात्री नऊपासून सकाळी सहापर्यंत नऊ तास झाले. पंधराच्या दराने १३५ उतरले आणि ३५ उरले. दर दहाचा असेल, तर ८० उरले. तीसची मर्यादा दोन्ही वेळा ओलांडली गेली, आणि यात कोणाचीही लबाडी नाही.

अंघोळीने तरतरी येते, कॉफीने झोप उडते. पण यकृताच्या कामाला या दोन्हींमुळे जराही वेग येत नाही. उलटी केल्यानेही रक्तात आधीच मिसळलेले बाहेर पडत नाही. घाम, श्वास आणि लघवी यांच्या वाटे जाणारा वाटा अगदी थोडा असतो. बाकी सगळे काम यकृत करते आणि ते घाई करत नाही. उलट कॉफीमुळे एक वेगळाच धोका वाढतो, कारण माणूस जागा आणि टवटवीत असल्यामुळे आपण शुद्धीत आहोत, अशी त्याची खात्री पटते.

यंत्राविषयीही थोडे सांगतो. फुप्फुसांत रक्त आणि हवा अगदी जवळून भेटतात आणि मद्यार्काचा काही अंश हवेत उतरतो. खोल श्वासाच्या २,१०० मिलिलिटर हवेत जेवढा मद्यार्क असतो, तेवढाच १ मिलिलिटर रक्तात असतो, असे गृहीत धरून यंत्र आकडा काढते. आजच्या बहुतेक यंत्रांत प्लॅटिनमच्या पट्टीवर या मद्यार्काचे ऑक्सिडीकरण होते आणि त्यातून निर्माण झालेला विद्युतप्रवाह मोजला जातो. म्हणूनच अधिकारी अर्धवट फुंकर चालवून घेत नाहीत. फुप्फुसाच्या तळाची हवा यावी लागते. आकड्याविषयी खरोखरच शंका असेल, तर रक्ततपासणीची मागणी त्याच वेळी करावी, कारण काही तासांनी दिलेले रक्त त्या क्षणाची साक्ष देऊ शकत नाही.

भावाला एवढेच सांगा की पहाटे निघायचे असेल, तर आदल्या रात्रीच हा हिशेब करायला हवा.

प्रश्न : माझे यजमान रोज घेतात. त्यांचे म्हणणे असे की त्यांना चढत नाही. बोलणे स्पष्ट, चाल सरळ. मुलांना घेऊनही ते गाडी चालवतात. मी काय करावे?

उत्तर : ताई, आपले पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. ‘चढत नाही’ याचा अर्थ मेंदूला सवय झाली आहे, रक्तातले प्रमाण कमी आहे असा नाही. सवयीचा माणूस सरावाची कामे व्यवस्थित पार पाडतो: चालणे, बोलणे, रोजचे वळण घेणे. पण अचानक कोणी आडवे आले, तर तिथे सराव कामी येत नाही. एकाच वेळी दोन गोष्टींकडे लक्ष देण्याची आणि हलत्या वस्तूवर नजर ठेवण्याची क्षमता २० मिलिग्रॅमच्या आसपासच खालावू लागते, आणि हे ज्याचे त्याला जाणवत नाही, हीच खरी अडचण आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. ब्रेकवर पाय पडायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर आठ मीटर अधिक. एखादे मूल रस्ता ओलांडत असेल, तर या आठ मीटरमध्ये सगळे घडून जाते.

त्यांच्याशी बोला, पण ते घेऊन आल्यावर नव्हे. सकाळी, डोके शांत असताना. मुले त्या गाडीत बसणार नाहीत, हे ठामपणे सांगा आणि त्यावरून मागे हटू नका, मग घरात दोन दिवस अबोला राहिला तरी चालेल. रोज घेतल्याशिवाय राहवत नसेल, तर तो वेगळा आजार आहे आणि त्यावर डॉक्टरांकडे उपचार आहेत; मात्र रोजची दारू एका झटक्यात बंद केल्याने काहींना फिट येऊ शकते, म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सोडावी.

प्रश्न : माउथवॉश किंवा खोकल्याचे औषध घेतल्याने तपासणीत दोषी ठरू शकतो का?

उत्तर : माउथवॉशमधला मद्यार्क तोंडात राहतो आणि यंत्र काही मिनिटे भलताच मोठा आकडा दाखवू शकते, साधारण १५ मिनिटांत तो ओसरतो. तेव्हा अधिकाऱ्याला तसे सांगून थोड्या वेळाने पुन्हा तपासणीची विनंती करावी. खोकल्याच्या औषधाच्या चमचाभर मात्रेने रक्तातील मर्यादा ओलांडली जात नाही, परंतु त्यातील काही औषधांनी झोप येते, आणि तेवढ्या कारणानेही गाडी चालवणे टाळावे. बाटलीवरची सूचना त्यासाठीच छापलेली असते.