थट्टा 'शी' लावून, टिंगल 'ची' लावून

नागपूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या वस्तीतल्या गणेशोत्सवात एक प्रहसन झालं, त्यात अडखळत बोलणारा किराणा दुकानदार होता. तसंच बोलणारा एक शेजारचा मुलगा मधूनच उठून घरी गेला. लिहिणारे म्हणतात, "आम्ही थट्टा केली, टिंगल नाही." या दोन शब्दांत खरंच फरक आहे का?

आहे, आणि तो प्रत्ययात दिसतो. 'माझ्याशी थट्टा करू नकोस', 'तिच्याशी मस्करी केली' असं आपण सर्रास बोलतो. 'माझ्याशी टिंगल केली' असं कुणीच म्हणत नाही. टिंगल, टवाळी, कुचेष्टा, हेटाळणी या कुणाची तरी होतात. 'शी' आला की समोरचा त्यात सामील असतो, उलट टोला देऊ शकतो. थट्टा 'माझी'ही होते, हे खरं. म्हणूनच टिंगल करणाऱ्याला थट्टेचा आडोसा घेता येतो.

माझा एक मित्र कुबड्या घेऊन चालतो. सीताबर्डीवरच्या एका कार्यालयात आम्हाला तिसऱ्या मजल्यावर जायचं होतं आणि लिफ्ट बंद. तो म्हणाला, "माह्यं अपंगत्वाचं सर्टिफिकेट ६० टक्क्याचं हाय भाऊ, या लिफ्टले १०० टक्क्याचं द्या!" रखवालदारासकट सगळे हसलो. विनोद अपंगत्वाचाच, पण हसू लिफ्टवर होतं.

जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही चित्रपटांतल्या अपंग पात्रांविषयीच्या निकालात हीच रेघ ओढली: अपंगत्व समजून घेणारा विनोद वेगळा, अपंगाला कमी लेखणारा वेगळा.

आणखी एक खूण नपुंसकलिंगाची. 'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं' या म्हणीत माणूस आणि कुत्रं एकाच लिंगात येतात. लेकराला 'ते' म्हणण्यात माया असते. मोठ्या माणसाला 'ते बहिरं' म्हटलं की त्याचं माणूसपणच काढून घेतलं जातं. मला हे फार खुपतं.

ताई, दुकानदाराचं अडखळणं काढू नका, हसू गिऱ्हाइकाकडे वळवा. दुकानदार "मि... मि..." म्हणतोय तोच गिऱ्हाईक "हो हो, मिरचीच!" म्हणत लाल पुडी उचलून पळतं. दुकानदाराला म्हणायचं असतं, "मिनिटभर थांबा, ते कुंकू आहे."