मुलांना लोकप्रतिनिधीला पत्र लिहायला कशी मदत करावी?

आधी विषय कोणाच्या अखत्यारीत येतो ते बघा. बागेतला मोडका झोपाळा स्थानिक प्रतिनिधीकडे, कायद्यातला बदल कायदेमंडळातल्या सदस्याकडे. इथे चुकलं की पत्र नुसतं या टेबलावरून त्या टेबलावर फिरतं.

एका पत्रात एकच मागणी, फार तर एक पान. सुरुवातीला मूल कोण, कितवीत. मग त्याने स्वतः पाहिलेली गोष्ट, जागा आणि तारखेसह. शेवटी नेमकी मागणी. ‘काहीतरी करा’ याला नेमकं उत्तर देताच येत नाही, ‘शाळेसमोर गतिरोधक हवा’ याला देता येतं.

मजकूर सांगून लिहून घेऊ नका, प्रश्न विचारा: काय दिसलं? त्रास कोणाला होतो? शुद्धलेखन सुधारा, पण वाक्यं मुलाचीच ठेवा. वर्गभर एकच मसुदा उतरवला तर पत्रांचं वजनच जातं. उत्तरासाठी शाळेचा पत्ता द्या, घरचा नको.