ऐकणाऱ्याचे हात कुठे गुंतलेत?

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या कम्युनिटी रेडिओचा दिवसभराचा आराखडा मिळाला. दोनदा वाचला. मेहनत दिसते, विषयही चांगले निवडलेत. पण सकाळी साडेसहाला मुलाखत, दुपारी तीनला मुलाखत, रात्री नऊला पुन्हा मुलाखत, असं का? त्या त्या वेळी ऐकणारं माणूस काय करत असेल, याचा पत्ता आराखड्यात कुठेच लागत नाही. म्हणून आज तुला एका जुन्या दिवसाबद्दल लिहितो. आकाशवाणीत असताना मी तो कितीदा तरी कागदावर मांडून पाहिला आहे.

१९५० नंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांतला ब्रिटनमधला कुठलाही कामाचा वार घे. बीबीसीच्या देशांतर्गत तीन सेवा होत्या: बातम्या-भाषणांची होम सर्व्हिस, हलक्याफुलक्या करमणुकीचा लाइट प्रोग्राम आणि गंभीर साहित्य-संगीताचा थर्ड प्रोग्राम. टेलिव्हिजन अजून बऱ्याच घरांत पोचायचा होता.

सकाळी नऊनंतर, नवरा कामावर आणि मुलं शाळेत गेली की लाइट प्रोग्रामवर ‘हाउसवाइव्ह्ज चॉइस’ लागे. गृहिणींच्या फर्माइशीची गाणी. मग साडेदहाला ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’. इथे जरा थांब, कारण मला रेडिओ इथे समजला.

हा कार्यक्रम जून १९४० मध्ये, युद्ध पेटलेलं असताना, कारखान्यांसाठी सुरू झाला. अर्धा तास सलग वाद्यवृंद, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा, पाळीतला थकवा चढू लागतो तेव्हा. वाद्यवृंदांना नियम घालून दिलेले होते. संथ चाली नकोत. आवाज मध्येच हळू नको, कारण तो यंत्रांच्या घरघरीत बुडतो. ठेक्यावर टाळ्या वाजवाव्याशा वाटतील असं गाणंही नको, कारण कामगार हातातल्या हत्यारांनी ताल धरतात. विचार कर, ज्याने हा शेवटचा नियम केला त्याला कामगाराच्या हातात काय आहे हे डोळ्यांपुढे दिसत होतं. गाणं चांगलं आहे का, एवढ्यावर त्याचं भागत नव्हतं. युद्ध संपलं तरी कार्यक्रम १९६७ पर्यंत चालला, आणि घरी इस्त्री करणाऱ्या बायकांनीही तो आपलासा केला.

दुपारी पावणेदोनला ‘लिसन विथ मदर’. जानेवारी १९५० मध्ये सुरू झालेला, शाळेत न जाणाऱ्या मुलांसाठी, फक्त पंधरा मिनिटांचा. गोष्टीआधी निवेदिका विचारायची, नीट बसलात ना? मग मी सुरू करते. हे वाक्य संहितेत नव्हतं. पहिल्याच दिवशी ज्युलिया लँग यांच्या तोंडून ते सहज निघालं आणि पुढे कायमचं झालं. लगेच दोन वाजता ‘वूमन्स आवर’. जेवणं आटोपलेली, मूल मांडीवर पेंगुळलेलं, आता ही वेळ आईची. दोन कार्यक्रमांमधला हा सांधा मला फार आवडतो. तुझ्या आजीला आपल्या आकाशवाणीवरचं बायकांसाठीचं ‘वनिता मंडळ’ आठवत असेल, तर ते कोणत्या वेळी लागायचं आणि तेव्हा ती काय करत असायची, हे तिला जरूर विचार.

‘वूमन्स आवर’ १९४६ मध्ये सुरू झाला तेव्हा निवेदक पुरुष होते. बायकांनी तक्रारी केल्या, आमच्याशी वरच्या पायरीवरून बोलता म्हणून. काही महिन्यांत निवेदन स्त्रियांकडे आलं. श्रोत्यांची पत्रं आली तर ती फाइलला लावून ठेवू नकोस.

आता संध्याकाळ. युद्धानंतर ब्रिटनमध्ये अन्नाची टंचाई होती, रेशनिंग १९५४ च्या जुलैपर्यंत पुरतं उठलं नाही. शेतकऱ्याने जास्त पिकवावं, नवं तंत्र वापरावं, अशी गरज होती. पण शेतीवरची भाषणं कोण ऐकणार? १९४८ मध्ये बर्मिंगहॅमला शेतकऱ्यांची बैठक झाली. त्या वेळी डिक बार्टन नावाच्या गुप्तहेराची मालिका रोज संध्याकाळी पावणेसातला लोकांना खिळवून ठेवत होती. एक शेतकरी उठून म्हणाला, आम्हाला शेतीतला डिक बार्टन द्या. त्यातून बीबीसीचे निर्माते गॉडफ्री बेझली यांनी ‘द आर्चर्स’ हा एका शेतकरी कुटुंबाच्या मालिकेचा कार्यक्रम उभा केला. १ जानेवारी १९५१ पासून तो देशभर गेला, पण वेळ दुपारच्या आधीची होती, शेतकरी शेतात असण्याची. ईस्टरला त्याला बार्टनचीच पावणेसातची वेळ मिळाली, आणि मग श्रोते लाखांनी वाढले. कलाकार तेच, लेखकही तेच होते.

रात्री हात मोकळे असतात, म्हणून कानांवर जास्त भार टाकता येतो. ‘द गून शो’ या विनोदी कार्यक्रमातली आवाजांची धमाल दिवसा, भांडी घासताना, निसटली असती. (तो लिहिणारा स्पाइक मिलिगन १९१८ साली आपल्या नगरला जन्मला. मला याचं अजून कौतुक वाटतं.) थर्ड प्रोग्राम तर संध्याकाळीच सुरू होई आणि ठरावीक वेळांच्या चौकटी मानत नसे. कवी डिलन टॉमस यांचं ‘अंडर मिल्क वुड’ हे नभोनाट्य २५ जानेवारी १९५४ ला तिथेच पहिल्यांदा वाजलं. श्रोते थोडे असत, पण ते ऐकायला म्हणूनच बसलेले असत.

आणि जहाजांसाठीचं हवामान. ते लाइट प्रोग्रामच्या लाँग वेव्हवरून जाई, कारण ती लहर समुद्रावर दूरवर पोचते. निवेदक संथ, ऐकणाऱ्याला लिहून घेता येईल असं वाचायचा. हेलकावणाऱ्या बोटीत कोणीतरी पेन्सिलीने ते उतरवून घेत असे.

तर आता असं कर. आराखडा आठवडाभर बाजूला ठेव. रोज दुपारी दोन ते चार तुमच्या प्रक्षेपणाच्या टापूत फिर: गिरणीवर, शिवणाच्या दुकानात, रिक्षा स्टँडवर, द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये. कोणाचे हात कशात गुंतलेत, आजूबाजूला आवाज किती आहे, मध्येच उठावं किती वेळा लागतं, एवढंच वहीत टिपून ठेव. मग फक्त दुपारचा रकाना नव्याने लिहून पाठव. गाण्यांची यादी एवढ्यात नको.

तुझा,
काका