यादवी की गृहयुद्ध?

रामबागेतील एका वाचकांनी विचारले आहे की, त्यांच्या नियोजित कथेत अमेरिकेतील राजकीय फूट विकोपाला जाऊन आजच्या काळात देश आपसांतच लढू लागतो. त्याला ‘गृहयुद्ध’ म्हणावे की ‘यादवी’? घरात ‘यादवी’ ऐकलेली आणि इंदूरच्या हिंदी वर्तमानपत्रांत ‘गृहयुद्ध’ वाचलेले, त्यामुळे पहिला शब्द त्यांना जुनाट वाटतो आणि दुसरा उसना.

‘गृहयुद्ध’ उसना मानण्याचे कारण नाही. ‘गृहखाते’, ‘गृहमंत्री’ यांतला ‘देशांतर्गत’ हाच अर्थ तेथे आहे, आणि अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या युद्धाला, ज्यात ११ राज्ये संघराज्यातून फुटून निघाली, मराठीत दोन्ही शब्द लावले जातात. खरा फरक क्रियापदांत आहे. गृहयुद्ध लढतात, जिंकतात, हरतात. यादवी मात्र माजते, ती कोणी जिंकल्याचे आपण म्हणत नाही, कारण शब्दाच्या मुळाशी महाभारताच्या मौसलपर्वातील प्रभासक्षेत्रीचा संहार आहे, जेथे बाहेरचा शत्रू नसताना यादवांनी एरका गवत उपटून एकमेकांना संपवले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी हडपसरला शिंदे-पेशव्यांच्या फौजांचा पराभव केला. या विजयाचा आपल्याला, म्हणजे इंदूरकरांना, कितीही अभिमान असला, तरी दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबरला वसईत इंग्रजांशी तह केल्याचे आठवले की ‘मराठ्यांची यादवी’ हेच शब्द तोंडी येतात. (‘भाऊबंदकी’ येथे चालणार नाही; तिला गादी किंवा वाटणी लागते.)

कथेचा फाटा २००० च्या अध्यक्षीय निवडणुकीत फुटतो. फ्लोरिडात जॉर्ज बुश आणि अल गोर या उमेदवारांत ५३७ मतांचे अंतर राहिले, सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबरला फेरमोजणीचा मार्ग बंद केला आणि दुसऱ्या दिवशी गोर यांनी पराभव मान्य केला. कथेत ते मान्य करीत नाहीत. तेव्हा निकालावरून पडते ती ‘फूट’ किंवा ‘दुफळी’. एकाच गावचे शिपाई एकमेकांवर बंदुका रोखतात, तेथे ‘यादवी’ लिहावे. आणि दोन राजधान्या, दोन सेनापती व नकाशावर सीमारेषा आली की ‘गृहयुद्ध’ शोभेल. ‘यादवी युद्ध’ ही जोडी रूढ असली तरी शीर्षकासाठी मी ती घेणार नाही, कारण ‘युद्ध’ म्हटले की वाचक विजेता शोधू लागतो आणि या कथेत, त्यांच्या पत्रावरून दिसते त्याप्रमाणे, तो नाही.